सर्पदंश-परिचर्या (कर्जत-खालापूर)

साप चावलेल्या रुग्णाची परिचारिकेने करावयाची तपासणी व देखरेख. रायगडच्या कर्जत आणि खालापूर तालुक्यांत भातलावणी सुरू झाली की दंशाचा धोका वाढतो; झळ अधिक बसते ती डोंगरकडेच्या कातकरी आणि ठाकर वाड्यांना. कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय, कशेळे व चौकची ग्रामीण रुग्णालये त्यांना जवळची. जिल्हा रुग्णालय थेट अलिबागला.

सापाचे नाव कळले तर बरे, त्यावाचून अडत नाही. श्वास, नाडी, रक्तदाब पाहून झाले की नजर पापण्यांकडे. नाग आणि मण्यार यांच्या विषाने पापण्या जड होतात, गिळता येत नाही. एका श्वासात आकडे मोजायला सांगावे. मोजणी दर वेळी अलीकडेच थांबू लागली, तर श्वासाचे स्नायू थकत आहेत. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंश फारसा दुखत नाही, खूणही दिसत नाही. म्हणून पावसाळ्यात पहाटे पोटदुखी घेऊन आलेल्याला ‘रात्री कुठे झोपला होतात?’ हे विचारलेच पाहिजे.

घोणस व फुरसे यांच्या विषाने रक्त गोठत नाही. त्यासाठी २० मिनिटांची चाचणी करतात : कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत २ मिली ताजे रक्त घेऊन ती न हलवता ठेवायची, मग एकदा आडवी करून पाहायची. नळी साबणाने धुतलेली असेल, तर धडधाकट माणसाचे रक्तही पातळ राहू शकते आणि चाचणी फसते. रक्त न गोठणाऱ्यास स्नायूत इंजेक्शन देऊ नये. सुजेची कड पेनाने आखून वेळ लिहावी.

एएसव्ही हे प्रतिविष वरील चार सापांवर चालते. माथेरानच्या झाडीतल्या चापड्यावर नाही. लहान मुलाला मात्रा मोठ्याएवढीच, कारण विष सोडताना साप वय पाहत नाही. प्रतिविष सुरू होताच गांधी, खाज, धाप दिसू शकते. अ‍ॅड्रेनलिन आधीच हाताशी असावे. घट्ट बांधून आणलेली दोरी डॉक्टरांसमोरच सोडावी.

रुग्णाला १०८ च्या गाडीतून पुढे पाठवताना दंशाची वेळ, दिलेल्या कुप्या आणि शेवटच्या चाचणीचा निकाल चिठ्ठीवर लिहून द्यावा.