विलासाचे धरण

धरण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शेतीचे पाणी उभे राहते. आज हकीकत सांगावयाची आहे ती केवळ करमणुकीसाठी राखलेल्या एका मातीच्या धरणाची. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, जॉन्सटाउन गावाच्या चौदा मैल वर, लिटल कॉनेमॉ नदीच्या एका उपनदीवर ते होते.

बांधले मात्र ते करमणुकीसाठी नव्हे. सरकारी कालव्याला उन्हाळ्यात पाणी पुरावे म्हणून राज्य सरकारने ते १८५३ साली पुरे केले. पण तोवर आगगाडी आली होती. कालवा ओस पडला आणि बेवारशी वस्तूची जी गत होते तीच धरणाची झाली. १८६२ साली त्याला खिंडार पडले. पुढे एका मालकाने तळाचे लोखंडी नळ उपसून भंगारात विकले.

१८७९ साली बेंजामिन रफ याने ते घेऊन पिट्सबर्गच्या धनिकांसाठी मासेमारीचा क्लब काढला. कार्नेगी, फ्रिक, मेलन अशी बडी मंडळी सभासद झाली. खिंडार माती, झुडपे, गवत जे मिळेल त्याने बुजवले. दोन बग्ग्या शेजारून जाव्यात म्हणून माथा छाटून रुंद केला. विकतचे मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या लावल्या. नळ तेवढे पुन्हा बसले नाहीत! नळ नसले की पाणी उतरवता येत नाही, आणि पाणी उतरल्याखेरीज मातीच्या धरणाची नीट डागडुजी होत नाही.

हे कोणाला कळले नव्हते असे नाही. १८८० साली जॉन्सटाउनच्या लोखंड कारखान्याचे डॅनियल मॉरेल यांनी आपला अभियंता जॉन फुल्टन याला पाहणीस धाडले. त्याने नेमके नळांवर आणि कच्च्या दुरुस्तीवर बोट ठेवले. मॉरेल खर्चाचा वाटा उचलावयास तयार होते. रफने ते मानले नाही.

३१ मे १८८९ रोजी अतिवृष्टी झाली. जाळ्यांत केरकचरा अडकला. मजूर माथ्यावर माती चढवीत होते. तारेने इशारेही गेले, परंतु दरसालच्या आवईला लोक सरावले होते. दुपारी तीनच्या सुमारास धरण गेले आणि तासाभरात लोंढा गावात शिरला. १९६१ चे पानशेत ज्यांनी ऐकले आहे त्यांना पुढचे वर्णन नको. २२०९ माणसे गेली; सातशेहून अधिक प्रेतांची ओळखही पटली नाही.

न्यायालयांनी क्लबला जबाबदार धरले नाही. मूळचे धरणही टिकले नसते, असा निर्वाळा अभियंत्यांच्या संस्थेने १८९१ साली दिला. २०१६ साली संशोधकांनी नव्याने गणित मांडले, त्याचे उत्तर उलटे आले: मूळच्या उंचीचे, सांडव्यांचे आणि नळांचे धरण ते पाणी सोसून उभे राहिले असते.