एक देश, दोन भाव
बाजार म्हटला म्हणजे पेठ, दुकानें आणि घासाघीस करणारीं माणसें डोळ्यांसमोर उभीं राहतात. परंतु कांहीं माल असा असतो, कीं त्याची पेठ कोठवर पसरावी हें व्यापारी ठरवीत नाहीं, जमिनींत पुरलेला पोलादी नळ ठरवितो. नैसर्गिक वायु हा असाच माल आहे. फ्रान्सच्या अलीकडील इतिहासावरून ही गोष्ट चांगली ध्यानांत येते.

१९४६ च्या एप्रिलमध्यें कायदा होऊन फ्रान्समधील बहुतेक वायुकंपन्या राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या व ‘गाझ द फ्रान्स’ ही संस्था निघाली. त्या वेळीं शहरांना मिळणारा वायु मुख्यत्वें कोळशापासून काढलेला असे. पुढें १९५१ मध्यें पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशीं लाक येथें नैसर्गिक वायूचा प्रचंड सांठा लागला. तो वायु मोठा जहाल होता. त्यांतील विषारी गंधकयुक्त द्रव्यानें साधें पोलाद तडकून जाई. तें सोसणारें पोलाद सिद्ध झाल्यावर १९५७ मध्यें लाकचा वायु वाहूं लागला.

हा सांठा अर्थातच अक्षय नव्हता; त्याचें व्यापारी उत्पादन २०१३ मध्यें थांबलें. दरम्यान बाहेरचा वायु येऊं लागला होता. १९६५ पासून अल्जीरियाचा वायु अतिशय थंड करून, द्रवरूपानें जहाजांत घालून आणीत. १९६७ मध्यें हॉलंडचा आणि पुढील दशकांत रशियाचा व नॉर्वेचा वायु आला. १९९८ मध्यें तर उत्तर समुद्राच्या तळावरून ८४० किलोमीटरांचा नळ डंकर्कला येऊन पोंचला. अशा रीतीनें उत्तर फ्रान्सला अनेक दारें मिळालीं. दक्षिणेला मात्र मार्सेयजवळचें फॉस बंदर आणि स्पेनची सीमा हींच काय तीं मुख्य दारें.

खरेदी व वाहतूक एकाच संस्थेच्या हातीं होती, तोंवर ही विषमता हिशेबांत मुरून जात असे. १९९८ च्या युरोपीय निर्देशानंतर स्पर्धा आली आणि ती विषमता भावांत दिसूं लागली. २००९ पासून देशांत वायूचे तीन विभाग होते: उत्तर, दक्षिण व नैर्ऋत्य. २०११ मध्यें जपानांत फुकुशिमाचा अपघात झाला. तेथील अणुविद्युत्केंद्रें बंद पडलीं आणि द्रववायूचीं जहाजें अधिक भावाच्या आशेनें पूर्वेकडे वळलीं. फॉसला तीं कमी येऊं लागतांच दक्षिणेचा भाव चढला. उत्तरेकडून जादा वायु आणावा, तर मधला नळ अपुरा! जपानांतील संकटाची झळ दक्षिण फ्रान्समधील कारखानदाराला अशी लागली. त्याचा उत्तरेकडील प्रतिस्पर्धी मात्र तोच माल स्वस्त घेत होता.

२०१५ मध्यें दक्षिणेकडील दोन विभागांचा व्यापार एक करण्यांत आला. पण उत्तर व दक्षिण जोडावयास नळच हवे होते. श्रोतेहो, येथें खरा प्रश्न उभा राहिला. वाहिनीचा खर्च वाहतुकीच्या दरांतून सर्वच ग्राहकांवर बसतो. मग दक्षिणेच्या सोयीसाठीं उत्तरेकडील गृहस्थानें पैसे कां द्यावे? २०१४ मध्यें नियामक आयोगानें मध्यममार्ग पत्करला. सोन नदीच्या खोऱ्यांतून सुमारें १९० किलोमीटरांची वाहिनी आणि गास्कनीकडे सुमारें ६० किलोमीटरांची दुसरी, एवढेंच मुख्य बांधकाम करावयाचें ठरलें. त्याचा खर्च ८० कोटी युरोंहून अधिक होता. उरलेल्या कोंडीच्या दिवसांसाठीं वेगळी युक्ति योजली: वाहिनीसंस्थेनें तुटवड्याच्या बाजूस वायु विकत घ्यावा, विपुलतेच्या बाजूस विकावा व फरक सोसावा. क्वचित् येणाऱ्या अडचणीसाठीं कायमचें पोलाद पुरण्यापेक्षां हें स्वस्त. १ नोव्हेंबर २०१८ रोजीं सारा फ्रान्स एक बाजार झाला.

त्या आक्षेपाचें उत्तर मात्र २०२२ सालानें दिलें. रशियाचा वायु आटला, तेव्हां जाळ्यांतील प्रवाहच फिरला. उत्तरेचा वायु दक्षिणेस नेण्याच्या चिंतेंतून वाढविलेल्या त्या जाळ्यांतून आतां दक्षिण-पश्चिमेचा वायु उत्तरेकडे व पूर्वेकडे जाऊं लागला; १३ ऑक्टोबरपासून फ्रान्सनें प्रथमच जर्मनीला थेट वायु पाठविला. दक्षिणेसाठीं पैसे मोजणारा उत्तरेकडील ग्राहक आतां स्वतःच दक्षिणेच्या दारांवर विसंबून होता. बाजार एक झाल्याची घोषणा कायदा करूं शकतो. परंतु ती खरी करण्यासाठीं नळ टाकावा लागतो, आणि त्या नळाचा उपयोग उद्यां कोणाला होईल, हें तो टाकणारासही सांगतां येत नाहीं.