घोडे किती आणि कुठे? (ट्विन सिलिंडरचा नगरी इतिहास)

आपल्याकडे बाईकची चौकशी दोन प्रश्नांत उरकते. काका-मामा विचारतात, "ॲव्हरेज किती देते?" आणि ऑफिसातली पोरं विचारतात, "बीएचपी किती?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मोठं असलं की पोरं खूश. पण ते घोडे नेमके कधी धावतात, हे कुणी विचारत नाही. भारतातल्या दोन सिलिंडरवाल्या मोटरसायकलींचा सगळा इतिहास या न विचारलेल्या प्रश्नात आहे, आणि त्यातला एक मोठा तुकडा आपल्या नगर जिल्ह्यातला (आताचं अहिल्यानगर) आहे.

आधी थोडं गणित. अश्वशक्ती ही जेम्स वॉटची देणगी. वाफेचं इंजिन विकायचं तर गिऱ्हाईकाला कळेल असं माप हवं, म्हणून त्याने घोड्याशी तुलना केली. मेट्रिक हिशेबात, 75 किलो वजन एका सेकंदात 1 मीटर वर उचललं की झाली 1 अश्वशक्ती. इंजिनाच्या बाबतीत सूत्र सोपं आहे: टॉर्क (न्यूटन-मीटरमध्ये) गुणिले आरपीएम, भागिले 7023. म्हणजे घोडे वाढवायचे दोनच मार्ग. एकतर जोर वाढवा, नाहीतर फेरे वाढवा.

ट्विन सिलिंडर हा मुख्यतः फेरे वाढवायचा मार्ग. उदाहरण घ्या. जुनी बुलेट 350: एकच सिलिंडर, स्ट्रोक 90 मिलिमीटर, 5625 आरपीएमला 18 बीएचपी. आता ह्योसंगचं 250 सीसी व्ही-ट्विन: दोन छोटे सिलिंडर, स्ट्रोक फक्त 48.8 मिलिमीटर, 10,000 आरपीएमला 28 अश्वशक्ती. गंमत म्हणजे दोन्हीकडे पिस्टनचा सरासरी वेग जवळपास सारखाच, सेकंदाला 16-17 मीटर! धातूवर ताण तेवढाच, पण अंतर कमी म्हणून फेरे जवळजवळ दुप्पट. त्यात सिलिंडरमागे चार व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनाला श्वासही मोकळा. म्हणून 100 सीसी कमी असूनही 10 घोडे जास्त.

कागदावर हे भारीच दिसतं. आता रस्त्यावर या.

अकोल्याहून राजूर, तिथून रंधा धबधबा, शेंडी, भंडारदरा. वीकेंडला पुण्या-मुंबईच्या बाईक या बाजूला भरपूर दिसतात. समजा गाडी आणि दोन माणसं मिळून 300 किलो, चढ दहाला एक, वेग ताशी 36 किलोमीटर. म्हणजे सेकंदाला 1 मीटर वर चढायचं. हिशेब करा: 4 अश्वशक्ती! वारा आणि टायरचं घर्षण धरून आणखी एक-दोन. मग 28 घोडे तिथे काय करतात? बहुतेक वेळ झोपा काढतात :)

बुलेट 3000 आरपीएमला 32 न्यूटन-मीटर टॉर्क देते, म्हणजे त्या फेऱ्यांवर जवळपास 14 अश्वशक्ती. 250 च्या ट्विनचा कमाल टॉर्कच 22 च्या आसपास, आणि तोही 8000 ला. तो सगळा 3000 ला मिळाला असता तरी साडेनऊच्या वर जात नाही. गिअर खाली टाकून गाडी चढते, नक्की चढते, पण सतत गिअर टाकत आणि इंजिन ओरडवत.

राजूरला डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं. डांगी बैल वेगासाठी कुणी घेत नाही. सह्याद्रीचा पाऊस, चिखल आणि चढ यांत दिवसभर ओढत राहील म्हणून घेतात. तिथल्या शेतकऱ्याला टॉर्क आणि पॉवर यातला फरक सांगायची गरज नाही.

आता इतिहास. 1983 साली एस्कॉर्ट्सने यामाहाची आरडी 350 'राजदूत 350' म्हणून इथे आणली. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, 347 सीसी. मूळ यामाहा 39 बीएचपीची, आपल्याकडची 'हाय टॉर्क' 30.5 ची. तरी लोकांचं मायलेज बघून डोकं फिरलं, म्हणून सौम्य केलेली 27 बीएचपीची 'लो टॉर्क' आली. तोवर 1985 साली हिरो होंडा सीडी 100 आली होती आणि देशाने आपला कौल दिला होता. 1989 च्या सुमारास आरडीचं उत्पादन थांबलं. आज तिची पूजा होते, तेव्हा गिऱ्हाईक मिळत नव्हतं.

दुसरा प्रयत्न नगरच्या कंपनीचा. नगर-दौंड रोडवरची किनेटिक इंजिनिअरिंग, जिने सत्तरच्या दशकात 50 सीसीची लूना देऊन मास्तरांपासून दूधवाल्यांपर्यंत सगळ्यांना चाकांवर आणलं. त्याच किनेटिकने 2003 मध्ये कोरियाच्या ह्योसंगची ॲक्विला आणली: 250 सीसीची व्ही-ट्विन क्रूझर. मग स्पोर्टी कॉमेट. किंमत दीड लाखाच्या घरात, तेव्हा स्प्लेंडर तीन-चार येतील एवढी. दिसायला क्रूझर, पण जोर वरच्या फेऱ्यांत! ज्याला निवांत धक-धक चालवायचं त्याला बुलेट निम्म्या पैशात मिळत होती. 2008 मध्ये किनेटिकचा दुचाकी व्यवसाय महिंद्राकडे गेला. 2012 मध्ये डीएसकेने साताऱ्याजवळ वाईला ह्योसंगची जुळणी सुरू केली, तीही टिकली नाही. 2018 मध्ये फिरोदियांच्याच मोटोरॉयलने ॲक्विला पुन्हा नगरला आणली. पण बाजार हलला नाही.

तो हलला त्याच वर्षी, पण चेन्नईहून. रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर 650: दोन सिलिंडर, 47 बीएचपी, किंमत अडीच लाख. 650 सीसीसाठी 47 हा आकडा काही फार मोठा नाही, ह्योसंगची 650 सत्तरीच्या पुढची होती. पण एनफिल्डने सांगितलं की 52 न्यूटन-मीटरपैकी 80 टक्के टॉर्क 2500 आरपीएमलाच मिळतो. म्हणजे ट्विन घेतलं, पण फेऱ्यांच्या मागे लागले नाहीत. किंमत आणि सर्व्हिसचं जाळं हेही कारण आहेच, नाकारत नाही. पण मला वाटतं, डांगी बैलाची गोष्ट त्यांना समजली.

हे नगरच्या कारखान्यातून व्हायला हवं होतं, याची मला जिल्हावाला म्हणून थोडी हळहळ वाटते. भारतीय खिसा आणि भारतीय रस्ता लूनावाल्यांइतका कुणाला माहीत होता?

असो. पुढच्या वेळी ब्रोशर हातात आलं की बीएचपीच्या पुढे '@' लिहून जो आरपीएमचा आकडा छापलेला असतो, तो आधी वाचा. आणि टॉर्कच्या पुढचाही.