आत गोळी कोण देतं?

मंडळी, मध्यंतरी दोन-तीन विकांत इथे काहीच लिहिलं नाही. कारण नेहमीचंच, रिलीज. ती एकदाची पार पडली आणि चार दिवस गावी, तेरला जाऊन आलो. तेर म्हणजे धाराशिवपासून विसेक किलोमीटरवरचं, तेरणेच्या काठचं आमचं गाव. जुनं नाव तगर. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर म्हणून त्याचा उल्लेख आहे, आणि गावातल्या लामतुरे संग्रहालयात त्या काळच्या वस्तू आजही पाहायला मिळतात. पण आज तगरबद्दल लिहायचं नाहीये (त्यावर एक लेख कधीचा अर्धवट पडून आहे, असो). आज लिहायचंय ते वडिलांच्या ट्रंकेत सापडलेल्या तीन अर्जांबद्दल.

वडील शाळामास्तर. गावातल्या निम्म्या लोकांचे अर्ज त्यांच्या हातचे, आणि प्रत्येकाची कार्बन कॉपी ठेवायची त्यांची सवय. हे तीन अर्ज १९९६ च्या एप्रिलमधले. विषय एकच: अर्जदाराच्या मुलाला रोज गोळी द्यावी लागते, ती देण्याची व्यवस्था व्हावी. पत्ते मात्र तीन वेगवेगळे.

मुलगा आमच्या गल्लीतलाच, तेव्हा विशीत. नाव लिहीत नाही. दोनेक वर्षांपूर्वी त्याचं डोकं बिघडलं होतं. गावात अंगारेधुपारे झाले, मग कुणीतरी सोलापूरला न्यायला सांगितलं, आणि तिथल्या गोळ्यांनी पोरगं खरोखर माणसात आलं. पुढे गोळ्या संपल्या, आणायला उशीर झाला. त्यात एके दिवशी त्याने एका टेंपोच्या काचेवर दगड घातला. गोरोबाकाकांची यात्रा चैत्र वद्य त्रयोदशीच्या सुमारास असते आणि यात्रा तोंडावर आली की पोलीस आधीच ताणात असतात. नेला उचलून. चॅप्टर केस झाली, म्हणजे शांतता राखीन अशा हमीसाठी जामीनदार द्यायचा. 'येड्या'ला जामीन राहतंय कोण? मग रवानगी आत.

तोवर त्याच्या आईने सोलापूरहून गोळ्या आणल्या होत्या. त्या पदरात बांधून ती रोज जायची आणि समोर दिसेल त्याला एकच प्रश्न विचारायची. "आत गोळी कोण देतंय वो त्याला?"

ठाण्यात म्हणाले, आता तो आमच्या ताब्यात नाही. तुरुंगात म्हणाले, आमच्याकडे डॉक्टर नाही, साहेबांची ऑर्डर आणा. साहेबांच्या कचेरीत म्हणाले, डॉक्टरचा दाखला आणा. आणि डॉक्टर म्हणाले, पेशंट बघितल्याशिवाय दाखला कसा देऊ, पोलिसांना घेऊन यायला सांगा. आमच्याकडे एखादं टिकेट चार टीममध्ये असंच फिरतं आणि शेवटी ज्याने उघडलं त्याच्याच नावावर परत येतं. यात कुणी दुष्ट नव्हता हे वडील आजही आवर्जून सांगतात. प्रत्येकाचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर होतं. फक्त कामाला धनी नव्हता.

मला तेव्हा वाटायचं की कायद्यात ही सोयच नसणार. हे अर्ज सापडल्यावर शनिवार-रविवार बसून जुने कायदे वाचले, आणि धक्का बसला तो उलट कारणाने. सोय होती, शंभर वर्षांपासून होती.

१८९४ चा तुरुंग कायदा घ्या. कलम २४ म्हणतं, कैदी आत आल्यावर शक्य तितक्या लवकर त्याची वैद्यकीय तपासणी व्हावी आणि त्याच्या प्रकृतीची, अंगावरच्या जखमांची नि खुणांची नोंद व्हावी. सक्तमजुरी असेल तर तो कुठल्या प्रकारच्या कामाला लायक आहे तेही लिहावं. (यात साहेबाचा व्यवहार दिसतो. माल ताब्यात घेताना डाग बघून घ्या आणि किती काम निघेल तेही बघा.) पण पुढे कलम ३७ आहे. कैदी शरीराने किंवा मनाने बरा दिसत नसेल, तर त्याच्यावर प्रत्यक्ष देखरेख करणाऱ्याने विनाविलंब जेलरला कळवावं. 'मनाने' हा शब्द १८९४ सालीच तिथे आहे! प्रत्येक तुरुंगात रुग्णालय किंवा आजाऱ्यांसाठी योग्य जागा असावी हे कलम ३९.

आता आमच्या भागाची गंमत. हा कायदा ब्रिटिश मुलखाचा. तेर होतं निजामाच्या राज्यात. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस अ‍ॅक्शन झाली आणि १९५१ मध्ये भारतीय दंड संहिता वगैरे कायदे हैदराबादसारख्या 'ब' वर्गातल्या राज्यांना लागू झाले. तुरुंग कायद्याच्या केंद्रीय मजकुरात मात्र पहिल्याच कलमात लिहिलंय की १ नोव्हेंबर १९५६ च्या आधी जो प्रदेश 'ब' वर्ग राज्यांत होता तो सोडून हा कायदा लागू. म्हणजे आम्ही वगळलेले. पुढे राज्याने तो इकडेही आणला. तरी बार्शी आणि तेर यांच्यामधून केवढी मोठी रेघ गेली होती ते अशा एखाद्या ओळीतून कळतं. बार्शी इंग्रजांची, आम्ही निजामाचे. मधे जेमतेम एका दुपारचा रस्ता.

वेडाबद्दलचा कायदा त्याहून जुना. पहिला १८५८ चा, तो कंपनीचं राज्य संपलं त्याच वर्षीचा. नंतर १९१२ चा 'लुनसी अ‍ॅक्ट'. त्यात पोलिसाने भटक्या किंवा धोकादायक वेड्याला पकडून मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं, डॉक्टरचा अहवाल येईपर्यंत एका वेळी दहा दिवस आणि सगळे मिळून तीस दिवसांपर्यंत निरीक्षणाखाली ठेवायचं, मग दाखल करण्याचा हुकूम. सगळा कायदा एकाच प्रश्नाभोवती फिरतो, याला ठेवायचं कुठे? नागपूर, रत्नागिरी, ठाणे, येरवडा इथली मोठी इस्पितळं त्या काळातली. मराठवाड्यात एकही नव्हतं. आमच्या गल्लीपासून येरवडा अडीचशे किलोमीटरच्या आसपास. १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा १ एप्रिल १९९३ पासून लागू झाला, म्हणजे आमच्या या प्रकरणाच्या तीन वर्षं आधी. त्यात भाषा बरीच माणुसकीची झाली. पण त्या आईच्या प्रश्नाचं उत्तर त्यातही सरळ सापडत नाही.

इथे गोरोबाकाकांची आठवण येणं साहजिक आहे. सगळे संत तेरला जमलेले असताना मुक्ताईने त्यांना विचारलं की यातली कच्ची मडकी कोणती ते सांगा, आणि काका थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारत निघाले, नामदेव कच्चा निघाला, ही कथा आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ. लहानपणी मला यात नामदेवांची फार कणव यायची. पण कथेत पुढे एक गोष्ट होते. नामदेव कच्चे ठरले म्हणून त्यांना कुणी कोपऱ्यात टाकून दिलं नाही. ते विसोबा खेचरांकडे गेले. परीक्षा झाली आणि पुढचा पत्ताही मिळाला. आमच्या कायद्यांनी थापटण्याची पद्धत दीडशे वर्षं घासूनपुसून लखलखीत केली, पुढच्या पत्त्याचं तसंच राहिलं.

त्याचा कडेलोट बघायचा तर आसामातल्या माचांग लालुंग यांची केस वाचा. १९५१ मध्ये अटक, मग तेजपूरच्या मनोरुग्णालयात. १९६७ मध्ये डॉक्टरांनी बरा झाल्याचं सांगितलं. तिथून घरी जायच्या ऐवजी गुवाहाटीच्या तुरुंगात गेले, आणि खटला न चालता २००५ पर्यंत तिथेच. एकूण चोपन्न वर्षं. सुटका एक रुपयाच्या जातमुचलक्यावर. १९६७ च्या त्या डॉक्टरांनी आपलं काम केलं होतं. त्यांचा कागद पलीकडे वाचून कुणीतरी काही करायचं होतं, तो 'कुणीतरी' नेमलेलाच नव्हता.

मग हे बदललं कसं? जेवढं बदललं तेवढं बाहेरच्या माणसांमुळे, असं माझं मत झालंय. महाराष्ट्रात यातलं ठळक नाव पत्रकार शीला बारसे यांचं. त्यांनी मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगात पंधरा स्त्री कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यातल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, न्यायालयाने तेच याचिका मानलं. पुढची पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. न्यायालयाने खात्याचाच अहवाल मागवून विषय संपवला नाही. निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालक डॉ. ए. आर. देसाई यांना तुरुंगात जाऊन या बायकांशी बोलायला आणि अहवाल द्यायला सांगितलं. म्हणजे एका माणसाला नावानिशी काम नेमून दिलं. १५ फेब्रुवारी १९८३ चा निकाल आहे. स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या आणि महिला पोलिसांचा पहारा, अटकेची माहिती लगेच कायदेविषयक सहाय्य समितीला, आणि आरोपी समोर आला की मॅजिस्ट्रेटने त्याला छळाची तक्रार आहे का हे विचारायचं आणि वैद्यकीय तपासणीचा हक्क आहे हे सांगायचं. हक्क कायद्यात १९७३ पासून होताच. नवीन काय, तर तो तोंडाने सांगायची जबाबदारी कुणाची हे ठरलं.

बारसे यांच्याच दुसऱ्या याचिकेवर १९९३ मध्ये न्यायालयाने सांगितलं की गुन्हा नसलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणं बेकायदा आणि घटनाबाह्य आहे. तो निकाल आणि आमच्या गल्लीतला प्रसंग यांत तीनच वर्षांचं अंतर.

मधल्या काळात, १९९० मध्ये, मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसने 'प्रयास' सुरू केलं. प्रशिक्षित समाजकार्यकर्ता तुरुंगात, पोलीस ठाण्यात, कोर्टात जाऊन बसणार. घरच्यांना कळवणं, वकील, जामीनदार, औषध, सुटल्यावर राहायची सोय, ही कामं करणार. ऐकायला किरकोळ वाटतात, पण आपल्या चार कचेऱ्यांच्या मधे नेमकी हीच माणसं नव्हती.

इंग्लंडचं उदाहरण थोडक्यात सांगतो, कारण तिथे या 'धनी कोण' प्रश्नाला सरळ उत्तर दिलंय. तुरुंगातलं आरोग्य तिथे पूर्वी तुरुंग खातंच बघायचं. २००६ पर्यंत ते काम राष्ट्रीय आरोग्य सेवेकडे पूर्ण हललं. कुठली सेवा, किती, कोणाकडून घ्यायची हे ठरवणारा आणि पैसे देणारा एकच. पोलीस ठाण्यात नि कोर्टात मानसिक आजार ओळखणाऱ्या परिचारिका बसवायची पद्धतही तिथे रुळली. तिथे सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही, पण तक्रार कुणाकडे करायची ते तरी माहीत असतं. आपल्याकडे डॉक्टर आरोग्य खात्याचा आणि तुरुंग गृह खात्याचा.

आता २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा, जो २९ मे २०१८ पासून लागू आहे. कलम १०० नुसार अशा भटक्या माणसाला पोलिसांनी संरक्षणात घ्यायचं, चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचं, आणि कोठडीत किंवा तुरुंगात कुठल्याही परिस्थितीत ठेवायचं नाही. वाचून बरं वाटलं. मग प्रोग्रॅमरची खोड जागी झाली. आमच्या गल्लीतलं १९९६ चं प्रकरण या नियमातून चालवून बघितलं तर? नापास. कारण हे कलम 'संरक्षणात घेतलेल्या' माणसाला लागू. त्याच्यावर चॅप्टर केस झाली की तो 'अटकेतला'. माणूस तोच, आजार तोच, दगडही तोच. हवालदाराने कुठल्या रकान्यात लिहिलं त्यावर पुढचं सगळं. आतल्यांसाठी कलम १०३ आहे. प्रत्येक राज्यात निदान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसोपचाराची सोय हवी, आणि तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तीन महिन्यांनी मंडळाला अहवाल पाठवायचा. कशाचा, तर या तुरुंगात एकही मनोरुग्ण कैदी नाही याचा! ज्या फॉर्मचं अपेक्षित उत्तर 'नाही' आहे, तो फॉर्म भरणारा शोधाशोध कशाला करेल? मंडळाला तुरुंगात येऊन कारण विचारायचा अधिकार आहे, तेवढीच आशा. कायदा वाचण्यात माझी काही चूक होत असेल तर चूभूद्याघ्या, वकील मित्रांनी जरूर कळवावं.

राहिला तो मुलगा. एकोणिसाव्या दिवशी वडीलच जामीन राहिले. तोवर झालं ते असं. तीनही अर्जांना उत्तर आलं नाही, पण पहाऱ्यावरच्या एका हवालदाराने रोज रोज ती म्हातारी बघून शेवटी तिच्याकडून गोळ्यांची पाकिटं घेतली. "मावशे, नियमात बसत नाय, पण दे हिकडं." कुठल्याही कलमात हे नाही. आईची मात्र एवढ्यावर समजूत पटली. बाहेर आल्यावर त्याला परत रुळायला पावसाळा संपावा लागला.

आता तो पन्नाशीचा आहे, बटईने शेती करतो. आई जाऊन बरीच वर्षं झाली. औषध भावजय आणते. या खेपेला मी त्याला ते अर्ज दाखवले, आणि भीत भीतच विचारलं, त्या हवालदाराने खरंच गोळ्या दिल्या का रे?

"दिल्या की," तो म्हणाला. "पण उलट्या दिल्या. रातची सकाळी नि सकाळची राती. सांगावं तर म्हणलं, घेतोय तेवढंबी बंद करंल."