शिळ्या डब्याचा पहिला घास

मुदत संपलेले लष्करी शिध्याचे जुने डबे नि पाकिटे मिळवायची, ती फोडायची, आतला पदार्थ जिभेवर ठेवायचा आणि चव कशी लागली ते चारचौघांना सांगायचे, अशी एक हौस अलीकडे परदेशात, विशेषतः अमेरिकेत, वाढली आहे. ऐकणाऱ्याला गंमत वाटते, आम्हालाही वाटली. परंतु कामगार चळवळीत ज्यांची उमर गेली, त्यांना एक खोड जडते. ताट दिसले की ते वाढले कोणी आणि खायचे कोणी, हे आम्ही आधी विचारतो. हाच प्रश्न हाती धरून डब्यातल्या अन्नाचा इतिहास आज पाहू.

हे अन्न वाढले ते लष्कराच्या आणि आरमाराच्या आश्रयाने. निकोला अपेर हा फ्रान्समधला मिठाई करणारा कारागीर. विद्यापीठाची पायरी त्याने चढलेली नव्हती. बाटलीत अन्न भरायचे, बूच घट्ट बसवायचे आणि बाटली उकळत्या पाण्यात ठेवायची, एवढी त्याची युक्ती. फ्रेंच आरमाराने ती पारखून पाहिली आणि १८१० साली सरकारने त्याला १२,००० फ्रँक दिले. अट अशी की कृती छापून सर्वांना खुली करावी. त्याच साली लंडनमध्ये पीटर ड्युरँडने पत्र्याच्या डब्यासह अशा भांड्यांचे पेटंट घेतले आणि १८१३ च्या सुमारास ब्रायन डाँकिनच्या कारखान्यातून इंग्रज आरमाराला डबे जाऊ लागले. अन्न टिकते का, याचे उत्तर मात्र कोणापाशीच नव्हते. ते पाश्चरने जंतूंमुळे अन्न नासते हे दाखवल्यावर मिळाले. कारागिराचा हात शास्त्रज्ञाच्या पुस्तकापुढे पन्नास वर्षे चालत होता, हे आमच्यासारख्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आता जुन्या डब्यांच्या कसोटीकडे वळू. १८२४ साली विल्यम पॅरी उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ समुद्रात गेला. त्याच्या दोन जहाजांपैकी 'फ्यूरी' १८२५ साली बर्फाने चिरडले आणि त्यावरचा शिधा किनाऱ्यावर उतरवून ठेवावा लागला. चार वर्षांनी जॉन रॉस तेथे पोचला, तो डबे शाबूत! पुढे स्वतःचे जहाज बर्फात सोडून द्यावे लागल्यावर रॉसच्या माणसांनी १८३२-३३ चा हिवाळा त्याच शिध्याच्या आधाराने काढला. ही हौस नव्हती. तो घास नसता तर माणसे मेली असती. पॅरीच्याच सफरीवरून परत आलेला भाजलेल्या मांसाचा एक डबा १९३८ साली इंग्लंडमध्ये शास्त्रज्ञांनी उघडला. एकशे चौदा वर्षांनी! ते मांस प्राण्यांना खाऊ घातले, त्यांना अपाय झाला नाही.

अमेरिकेत 'बर्ट्रांड' नावाची आगबोट १८६५ साली मिसुरी नदीत बुडाली व १९६८ साली सापडली. तिच्यातले डबे १९७४ साली तपासले, तेव्हा त्यांत जंतूंची वाढ आढळली नाही; काही जीवनसत्त्वे मात्र उडून गेली होती.

यावरून कोणी म्हणेल, मग भीती कसली? भीती येथेच आहे. इंग्रज आरमाराला डबे पुरवणारा गोल्डनर नावाचा एक मक्तेदार होता. त्याच्या मालाची तपासणी १८५२ च्या जानेवारीत झाली, तेव्हा ३०६ डब्यांपैकी जेमतेम ४२ खाण्याजोगे निघाले. डबे मोठे केले की उष्णता गाभ्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. तो वेळ वाचवला, तर बाहेरून झकपक दिसणाऱ्या डब्यात आत नासाडी चालू राहते. एक जंतू तर असा आहे की त्याची बीजे साध्या उकळीने मरत नाहीत, त्यांना १२१ अंशांच्या आसपास उष्णता लागते. आणि त्याचे विष अन्नात असूनही वास-चव बदलेलच असे नाही. म्हणजे जीभ हा तपासनीस नव्हे. मुदतीचा आकडाही हवामानावर अवलंबून असतो. अमेरिकन सैनिकाचे आजचे तयार जेवण २७ अंशांत तीन वर्षे टिकते असे धरतात. तेच ३८ अंशांत सहा महिने. आमच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या गोदामात पडलेल्या मालाचे काय होत असेल, याचा हिशेब श्रोत्यांनीच करावा.

आता मूळ प्रश्न. हौशी माणूस स्वतःच्या खुशीने घास घेतो, नको वाटला तर थुंकतो. शिपाई-खलाशाला थुंकण्याची मुभा नसते. १९०५ च्या जूनमध्ये रशियाच्या 'पोटेम्किन' युद्धनौकेवर किडे पडलेले मांस आले. नौकेच्या डॉक्टरने ते पाहून खाण्यास योग्य ठरवले. खलाशांनी ते सूप नाकारले, त्यांना गोळ्या घालण्याची धमकी मिळाली आणि बंड पेटले. रोग मांसात होता, तसाच तो दाखला देणाऱ्याच्या सहीतही होता.

इतक्या दूर तरी कशाला जावे? १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत 'तलवार' या नाविक तळावरच्या खलाशांनी निकृष्ट अन्न आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची शिवीगाळ यांना कंटाळून अन्नालाही व कामालाही नकार दिला. बघता बघता ते लोण जहाजाजहाजावर पसरले. २२ तारखेला गिरण्यांचे भोंगे वाजले, पण कामगार रस्त्यावर होते. त्या दिवसांत मुंबईत दोनशेवर माणसे गोळीबारात व दंगलीत मेली. नासक्या डाळीने साम्राज्य पडते असे आम्ही म्हणत नाही; पण माणसाला माणूस न समजणारी सत्ता ताटातच प्रथम उघडी पडते.

म्हणून १९४८ च्या कारखाना कायद्याने अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या ठिकाणी कॅन्टीनची तरतूद केली आणि तिच्या कारभारात कामगारांचे प्रतिनिधी घेण्याची सोय ठेवली, ती आम्हाला लहान गोष्ट वाटत नाही. भाताची चव त्या एका कलमाने सुधारली असे नाही. आम्ही कित्येक कॅन्टीनची पाणचट आमटी चाखली आहे. पण तक्रार करणाऱ्याला बंडखोर ठरवण्याची सोय तिने काढून घेतली.

इतिहासाचा निवाडा आमच्या मते एवढाच आहे. डबा किती वर्षे टिकतो हे रसायनशास्त्र सांगेल. तो खाण्याजोगा आहे असे ठरवणाऱ्याने पहिला घास स्वतः घ्यावा आणि ज्याने खायचा त्याला 'नको' म्हणण्याचा अधिकार असावा, हे मात्र माणसांनाच ठरवावे लागते, आणि संघटित झाल्यावाचून ते ठरत नाही.