कुत्र्यासह भाडेकरू: लंडनची दोन दारं

1950-60 च्या दशकांत लंडनमध्ये भाड्याची खोली शोधणारा माणूस दुकानांच्या काचेवर लावलेली कार्डं वाचत गल्लोगल्ली हिंडायचा. माझे चुलतसासरे 1961 साली साताऱ्याहून इथे आले, तेव्हा पॅडिंग्टनच्या बाजूला त्यांनी अशी कार्डं स्वतः वाचली. ‘रंगीत माणसं नकोत’ असं त्यावर सरळ लिहिलेलं असे आणि काही कार्डांवर त्याच दमात कुत्रीही नाकारलेली असत. 1965 च्या वंशसंबंध कायद्याने हॉटेलं, पब अशा सार्वजनिक जागांमधल्या भेदभावाला चाप लावला, पण घरभाडं त्यातून सुटलं होतं. ते 1968 च्या कायद्यात आलं आणि माणसांवरची ती ओळ जाहिरातींतून हद्दपार झाली. कुत्र्यांवरची ओळ मात्र राहिली. पुढे ती छापील भाडेकरारात जाऊन बसली.

नवऱ्याच्या नोकरीसाठी पुणं सोडायचं ठरलं तेव्हा आमच्या चिंगीला मागे ठेवण्याचा विचारही घरात कुणी केला नाही. ती पौड रस्त्यावरची गावठी कुत्री, अंगाने तांबूस. नसबंदीनंतर खूण म्हणून कापलेला तिचा कान अजून ओळखू येतो. मी पुण्यात शाळेत इतिहास शिकवायचे, त्यामुळे एकेक फॉर्म भरताना हे नियम आले कुठून, याचा शोध घेण्याची सवय सुटली नाही. शोधता शोधता लक्षात आलं की चिंगीला दोन दारं ओलांडायची आहेत, एक देशाचं आणि एक घराचं.

देशाच्या दारामागे रेबीजची भीती होती. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या रस्त्यांवर पिसाळलेली कुत्री ही रोजची धास्ती होती. 1897 साली कृषिखात्याचे प्रमुख वॉल्टर लाँग यांनी कुत्र्यांना तोंडजाळी बांधण्याची सक्ती जोरात राबवली. लोकांनी त्यांना भरपूर शिव्या दिल्या, पण ते हटले नाहीत. त्याच वर्षी परदेशातून येणाऱ्या कुत्र्यांसाठी विलगीकरण सुरू झालं आणि 1902 पर्यंत देशातून रेबीज गेला. 1918 मध्ये तो परत आला. पहिल्या महायुद्धावरून परतणाऱ्या सैनिकांनी चोरून आणलेल्या कुत्र्यांबरोबर तो आला, असं मानलं जातं. 1922 साली तो पुन्हा आटोक्यात आला. तेव्हापासून सहा महिने सरकारमान्य कोंडवाड्यात, मालकाच्या खर्चाने, हा नियम पक्का झाला. 1969 साली सरे परगण्यातल्या कँबर्ली गावात, हे सहा महिने पूर्ण करून घरी आलेल्या एका कुत्र्यालाच रेबीज झाला. त्यानंतर काही काळ हा मुक्काम वाढवण्यात आला.

सहा महिने जाळीआड काढलेलं जनावर परत घरी येतं तेव्हा ते कसं असेल, हे ज्यांनी कुत्रा पाळलाय त्यांना सांगायला नको. म्हणूनच 28 फेब्रुवारी 2000 ही तारीख मला मोठी वाटते. त्या दिवसापासून लस, मायक्रोचिप आणि रक्ततपासणी यांच्या जोरावर युरोपातून येणाऱ्या कुत्र्या-मांजरांना कोंडवाडा टळला. 2012 मध्ये हीच सोय भारतासारख्या देशांनाही मिळाली. चिंगीला चिप बसवली, लस दिली आणि तीस दिवस उलटल्यावर रक्त घेतलं. त्यात प्रतिपिंडांचं प्रमाण मिलिलिटरला किमान 0.5 युनिट हवं असतं. रक्त घेतल्या तारखेपासून पुढचे तीन महिने थांबायचं, पण ते आपल्या घरात. चिंगीने ते पुण्यात तिच्या नेहमीच्या पायपुसण्यावर काढले. मुंबईच्या प्राणी विलगीकरण कार्यालयाचा दाखला घेतला, नि ती नियमानुसार विमानाच्या कार्गोतून हीथ्रोला उतरली.

घराचं दार त्याहून घट्ट निघालं. हॅरो, वेंब्ली, हाउन्स्लो, जिथे जिथे आपली माणसं राहतात तिथे तिथे मी फोन केले. एका एजंटने कुत्रा म्हटल्याबरोबर घर दाखवायलाही नकार दिला. मी चिंगीचं परिचयपत्र तयार केलं. पुण्यातल्या सोसायटीच्या सेक्रेटरीचं पत्र, डॉक्टरांचं पत्र, तिचा फोटो, सगळं जोडलं. शेवटी हॅरोमधल्या एका बाईंनी हो म्हटलं, पण दरमहा जादा भाडं घेऊन.

जादा भाडंच का, याचंही उत्तर इतिहासात आहे. 1988 च्या गृहनिर्माण कायद्यातल्या कलम 21 मुळे मालक कारण न देता दोन महिन्यांच्या नोटिशीवर घर रिकामं करून घेऊ शकत असे. अशा वेळी कुत्र्याची परवानगी मागायला भाडेकरू धजावणार कसा? सरसकट बंदीचं कलम अन्यायकारक ठरू शकतं, त्याने गोल्डफिशसुद्धा पाळता येणार नाही, असं ग्राहकहिताच्या सरकारी कार्यालयाने 2005 च्या मार्गदर्शिकेत म्हटलं होतं; करार मात्र तसेच छापले जात राहिले. मग जून 2019 पासून डिपॉझिटवर पाच आठवड्यांच्या भाड्याची मर्यादा आली. हा कायदा भाडेकरूंच्या भल्याचा, मी त्याच्या बाजूचीच आहे. पण कुत्र्यासाठी वेगळं डिपॉझिट घेण्याची वाट त्याने बंद केली. मग मालकांनी एकतर नकार दिला, नाहीतर जादा भाडं लावलं. डिपॉझिट परत मिळतं, भाडं मिळत नाही. 2021 मध्ये सरकारने सरसकट बंदी नसलेला नमुना करार काढला, तेव्हा पाळीव प्राणी चालतील अशी जाहिरात करणारे मालक फक्त 7 टक्के असल्याचं सरकारनेच सांगितलं. तो करार ऐच्छिक होता, त्यामुळे आकड्यापुढे हतबल ठरला.

27 ऑक्टोबर 2025 रोजी भाडेकरू हक्क कायद्यावर राजमुद्रा उमटली. तो इंग्लंडपुरता आहे आणि त्यातल्या पुढील तरतुदींच्या अंमलबजावणीची तारीख 1 मे 2026 ठरली. कलम 21 त्याने रद्द केलं. भाडेकरूने पाळीव प्राणी ठेवण्याची लेखी विनंती केली तर मालकाने 28 दिवसांत उत्तर द्यायचं आणि वाजवी कारणाशिवाय नाही म्हणायचं नाही. पाळीव प्राण्यासाठी तीन आठवड्यांच्या भाड्याइतकं वेगळं डिपॉझिट असावं, अशी दुरुस्ती संसदेच्या वरच्या सभागृहाने, म्हणजे लॉर्ड्सनी सुचवली होती. खालच्या सभागृहाने ती फेटाळली. मला ती चूक वाटते, कारण परत मिळणारं डिपॉझिट देऊन हॅरोतल्या त्या बाईंसारख्या मालकांची काळजी मिटली असती.

कुत्रा-मांजर घेऊन इकडे येणाऱ्यांना माझी विनंती आहे. प्राणी ठेवण्याची परवानगी मागण्याचा हा हक्क भाडेकरू झाल्यानंतरचा आहे. घर मिळण्याआधी मालक तुम्हाला नाकारू शकतो, म्हणून पुण्या-मुंबईतून निघतानाच सोसायटीचं नि डॉक्टरांचं पत्र घ्या. फ्लॅट असेल तर मालकाला त्याच्या स्वतःच्या लीजमध्ये प्राण्यांवर बंदी आहे का, हे आधी विचारा, कारण तशी बंदी असेल तर त्याचा नकार वाजवी ठरतो. आणि परवानगी तोंडी मिळाली तरी ती लेखी घ्या.