माशी ठेवायची कशात?

म्हैसूरची पोस्टिंग आली की लोक राजवाडा, दसरा आणि म्हैसूरपाक यांवर थांबतात. मी इथं एनसीसी बटालियनच्या पी.आय. स्टाफमध्ये आहे. रविवारी वेळ मिळतो, आणि त्या वेळेचा बराच भाग एका निवृत्त कर्नलसाहेबांच्या व्हरांड्यात जातो. साहेबांना गळाने मासे धरायचा नाद. त्यांच्याकडे दोन वस्तू आहेत. एक चामड्याचं जुनं पाकीट, आत वहीसारखी पानं. दुसरी ॲल्युमिनियमची चपटी डबी, आत छोटे छोटे कप्पे आणि प्रत्येक कप्प्याला स्वतंत्र झाकण. दोन्हींचं काम एकच, माश्या ठेवणं. मग पाकिटाची डबी का झाली? हा प्रश्न मला किट-लेआउट मांडणाऱ्या माणसाचा वाटला, म्हणून त्याच्या मागे लागलो.

आधी माशी म्हणजे काय ते सांगतो, कारण आपल्याकडे गळ म्हटलं की गांडूळ आठवतं. फ्लाय फिशिंगमध्ये गळाला खायचं काही लावत नाहीत. गळाच्या दांड्यावर रेशमाचा धागा, कोंबड्याच्या मानेची पिसं, जनावराचे केस, थोडी जर असं गुंडाळून किडा किंवा छोटा मासा वाटेल असं सोंग तयार करतात. त्या सोंगाला फ्लाय म्हणायचं. मराठीत माशाला माशी दाखवायची, असं म्हटलं की आमच्याकडचे कॅडेट हसतात.

तर पाकीट. जुन्या गळांना नेढं नसायचं. सुईला असतं तसं भोक गळाच्या टोकाला नव्हतं, नुसता आंधळा दांडा. त्यामुळे माशी बांधतानाच तिच्याबरोबर वीतभर दोर कायमची गुंडाळून टाकावी लागे. ही दोर रेशीमकिड्यापासून येई. कोश विणायच्या बेतात आलेली अळी व्हिनेगरमध्ये टाकायची, मग तिच्या पोटातली रेशमाची ग्रंथी हाताने ओढून लांब करायची, वाळली की ताठ, पारदर्शक तार तयार. स्पेनमधला मुर्सिया भाग या धंद्यासाठी प्रसिद्ध होता. म्हैसुरात हे ऐकताना गंमत वाटते. टिपूने या राज्यात रेशीम आणलं, १९१२ साली नाल्वडी कृष्णराज वडियारांच्या काळात इथं रेशमाचा सरकारी कारखाना निघाला, आणि इथल्या नदीवर बसलेला गोरा साहेब स्पेनच्या अळीची दोर वापरत होता.

आता अशा पन्नास माश्या एका डबीत टाका. प्रत्येकीला वीतभर ताठ शेपूट. पाच मिनिटांत गुंता. म्हणून पाकीट: चर्मपत्राची किंवा फ्लॅनेलची पानं, गळ पानात खुपसायचा, शेपूट सरळ ठेवून पट्टीखाली दाबायची. पाने उलटत माशी शोधायची. फौजेत शिवणकामाची जी गुंडाळी मिळते, तिला आपण हाउसवाइफ म्हणतो, तिच्यात सुया लोकरीच्या तुकड्यात खुपसलेल्या असतात. अगदी तोच प्रकार. त्यात दोन खोट होत्या. पाकीट मिटलं की पिसं चेपून चपटी होत. आणि लोकरीने पाणी धरून ठेवलं की गळ गंजत.

१८७९ साली इंग्लंडमध्ये एच. एस. हॉल आणि जी. एस. बँकार्ट या दोघांनी नेढं असलेले, माशी बांधण्याजोगे बारीक गळ यशस्वी करून दाखवले. कल्पना त्यांच्या आधीची होती, पण कामाचा, नाजूक आणि मजबूत गळ त्यांच्यापासून रुळला. बदल एवढासा, पण त्याने सगळं किट बदललं. दोर आता नदीवर बांधायची. माशीची शेपूट गेली, नुसता बोटाच्या पेराएवढा जीव उरला. तो कप्प्यात मावतो. शिवाय त्याच सुमारास पाण्यावर तरंगणाऱ्या माशीची फॅशन आली (हॅलफर्डचं पुस्तक १८८६ चं), आणि तरंगायचं तर पिसं उभी राहायला हवीत, दाबून चालणार नाही. म्हणून कप्प्यांची डबी. वॉल्सॉल हे इंग्लंडमधलं चामडंकामाचं गाव. तिथल्या व्हीटली कंपनीच्या ॲल्युमिनियमच्या डब्या गाजल्या. साहेबांची डबी तीच. एक खटका दाबला की एकच झाकण उघडतं, बाकी बंद राहतात. वाऱ्यात, कमरेएवढ्या पाण्यात, थंड बोटांनी डबी उघडणाऱ्याला हे एकच झाकण किती मोलाचं ते सांगायला नको. नुसती उघडी डबी हातातून निसटली तर सगळा दारूगोळा नदीला अर्पण. पिस्तुलाला लॅनयार्ड का बांधतात ते आठवा. साहेब डबीलाही दोरी लावून गळ्यात घालतात, आणि माझ्या मते कुठलीही डबी घ्या, ही दोरी आधी घ्या.

हे सगळं इंग्लंडचं झालं. तिथल्या कपाटात टिकणारी वस्तू इथल्या पावसाळ्यात टिकेलच असं नाही. हिंदुस्थानात गळमासेमारीवरचं जे पहिलं मोठं पुस्तक मानतात, ते हेन्री सलिव्हन थॉमसचं, १८७३ साली मंगळूरला छापलेलं. थॉमस मद्रास सिव्हिल सर्व्हिसमधला माणूस, दक्षिण कन्नडचा कलेक्टर. मंगळूरचा पाऊस ज्याने काढला आहे त्याला चामड्याच्या पाकिटावर काय उगवतं ते माहीत आहे. हिरवी बुरशी. वर गंज. आणि कसर. आईच्या पैठणीला लागते तीच कसर पिसांना लागते. म्हैसुरात तर पिसं-कातडी टिकवण्याचा मोठा कारखानाच होता. व्हॅन इंगेन नावाचं कुटुंब शतकाच्या सुरुवातीपासून इथं शिकारीच्या वाघ-बिबट्यांना पेंढा भरून देई, राजेरजवाड्यांची गिऱ्हाइकी होती, १९९९ च्या सुमारास ते काम बंद झालं. त्या धंद्यात किड्यांना आर्सेनिक दिलं जाई. माशीवाला आर्सेनिक खिशात घेऊन फिरू शकत नाही, त्याने डांबरगोळीवर भागवलं.

इथं उपयोगी पडली ती काळा रोगण दिलेली पत्र्याची पेटी. मोठ्या माश्यांसाठी विलायतेतच अशा पेट्या मिळत: आत पत्र्याचे चिमटे, एकेक गळ चिमट्यात. पत्र्याला कसर लागत नाही, घट्ट झाकणातून दमट हवा कमी शिरते, आणि चिमट्यातली माशी कशाला टेकत नाही, त्यामुळे लवकर सुकते. प्रत्येक जवानाच्या खाटेखाली पांढऱ्या अक्षरात नंबर-नाव लिहिलेली जी काळी ट्रंक असते, तिचीच ही लहान बहीण. चामड्याच्या बॅगेवर हसणारे आमचे जुने सुभेदारसाहेब ट्रंकेबद्दल एक शब्द वावगा ऐकून घेत नसत. आता कळतं का ते.

पण खरा प्रश्न पुढचा आहे. डबी घेतली, तिच्यात काय आणि कोणत्या क्रमाने? इंग्लंडचा माणूस किड्यांप्रमाणे लावतो. मे महिन्यात अमुक किडा पाण्यावर येतो, म्हणून अमुक कप्पा. त्याच्या नदीतला ट्राउट कीटक खातो, तेव्हा ते बरोबरच आहे. कावेरीत हा हिशेब चालत नाही. इथला मोठा मासा म्हणजे महाशीर, आपल्याकडे खडस म्हणतात तो. त्याच्या तोंडात दात नाहीत, घशात आहेत, आणि जबड्याची दाब अशी की हलका गळ चेपून टाकतो. तो फळं खातो, शिंपले फोडून खातो, लहान मासे खातो. त्याच्यासाठी माशीचा रंग दुय्यम, गळाचं पोलाद आधी. म्हणून महाशीरवाल्याची डबी गळाच्या जाडीप्रमाणे लावलेली बरी: एका बाजूला जाड तारेचे, मोठे, थोडेच. दुसऱ्या बाजूला बारीक माश्या, पाण्याच्या वर येणाऱ्या छोट्या माशांसाठी. चाळीस कप्प्यांची व्हीटली डबी इथं अर्धी रिकामी राहते.

आणि खरं सांगायचं तर या नदीतले मोठे मासे धरण्यात माशीचा वाटा थोडा. अलीकडच्या काळात गलिबोरे, भीमेश्वरी या कावेरीकाठच्या तळांवर आमिष म्हणून नाचणीचा गोळा चाले. इथला माणूस जेवणात जी रागी मुद्दे खातो, तिच्याच पिठाचा, मसाला घालून शिजवलेला घट्ट गोळा. त्याला डबी लागत नाही. केळीच्या पानात गुंडाळला की झालं. डबीच्या इतिहासात हे लिहिताना थोडं वाईट वाटतं, पण नोंद करायला हवी.

ही आमिषाची परंपरा फार जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा, त्याचा ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ बाराव्या शतकातला. मराठी वाचकाला तो ओळखीचा, कारण त्यात जुन्या मराठीचे काही तुकडे सापडतात. त्यातच ‘मत्स्यविनोद’ नावाचं प्रकरण आहे, राजाने गळाने मासे धरण्याची करमणूक कशी करावी याचं. १९५१ साली मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी त्यावर लेख लिहिला. राजाने माशांच्या जाती सांगितल्या आहेत आणि कोणत्या माशाला काय खाऊ घालावं ते सांगितलं आहे. म्हणजे त्याची मांडणी माशाप्रमाणे आहे. इंग्रजीतलं गळमासेमारीवरचं सर्वात जुनं छापील पुस्तक १४९६ चं, साडेतीनशे वर्षं नंतरचं. मला सोमेश्वराचीच रीत पटते. डबी उघडायच्या आधी विचारायचं, या पाण्यात कोण आहे?

या प्रश्नाचं उत्तर म्हैसुरात बदललं आहे, आणि ते बदलायला आपल्या भागाचाही हात लागला आहे. कावेरी आणि कबिनी म्हणजे महाशीरच्या जागतिक नोंदींच्या नद्या. १९०६ साली दोन्हींच्या संगमावर मरे-आयन्सली यांचा १०४ पौंडांचा. १९१९ साली कावेरीत मेजर रिव्हेट-कार्नाक यांचा ११९ पौंडांचा. १९४६ साली कबिनीत डी वेट व्हॅन इंगेन यांचा १२० पौंडांचा, म्हणजे साधारण ५४ किलो. हो, तेच पेंढा भरणारे व्हॅन इंगेन. तिघा भावांची नावं बोथा, डी वेट, जुबेर. बापाने बोअर युद्धातल्या सेनापतींची नावं ठेवली होती, तीही इंग्रजांविरुद्ध लढलेल्यांची. एका संस्थानात बसून हे करायला धाडस हवं.

हे सगळे मासे कुबडाचे महाशीर, पाठीला उंचवटा असलेले. कावेरीच्या खोऱ्याबाहेर हा मासा कुठेच नाही. जगप्रसिद्ध असूनही त्याचं नेमकं शास्त्रीय नाव ठरायला २०१८ साल उजाडलं: टॉर रेमादेवी. नाव मिळालं आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. धरणं झाली, १९११ मध्ये सुरू झालेलं कृष्णराजसागर, १९७४ चं कबिनी. पाण्यात जिलेटिन फोडून मासे मारणारेही होते. स्फोटकं हाताळायला शिकलेल्या माणसाला त्या प्रकाराची किळस येते. एक कांडी, आणि मोठ्या माशाबरोबर डोहातली सगळी पिल्लंही वर.

तिसरं कारण आपलं. १८३९ साली मुंबई फौजेतल्या कर्नल साइक्सने पुण्याच्या मुळा-मुठेतला महाशीर शास्त्रात नोंदवला, आणि मराठी लोकांच्या तोंडचं नाव त्याला चिकटवलं: टॉर खुद्री. १९७० च्या दशकापासून लोणावळ्याला टाटांच्या तलावांवर या माशाची पिल्लं वाढवायचं उत्तम काम झालं. त्यातली पिल्लं देशभर गेली, कावेरीतही सोडली गेली. हेतू चांगला होता, महाशीर वाढावा. पण गलिबोरेच्या गळकऱ्यांनी पकडून सोडलेल्या माशांच्या १९९८ ते २०१२ च्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा दिसलं की निळ्या पराचा हा पाहुणा वाढत गेला आणि कुबडाचा यजमान जवळजवळ दिसेनासा झाला. तो तळ अभयारण्यात होता, आता तिथली गळमासेमारी बंद आहे. त्यामुळे तशा नोंदीही थांबल्या. गळकरी माणूस नदीचा पहारेकरी असतो असं साहेब म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही, कारण पहारेकरी गोळी झाडून मग नोंद करत नाही. पण नोंदवही नसती तर हे कळलंच नसतं, हेही खरं.

आता माझ्या किटबद्दल. मी मोठा गळकरी नाही. परवानगी असेल तिथंच, कूर्ग बाजूला, साहेबांबरोबर जातो. खिशात एकच चपटी डबी, आत फोमची पट्टी, फोममध्ये चिरा, चिरेत गळ. लहानपणी आम्ही गळ जोंधळ्याच्या धाटाच्या गाभ्यात खुपसून ठेवायचो, फोम म्हणजे तेच, फक्त तीनशे रुपयांना. डाव्या बाजूला जाड तारेचे सहा, उजव्या बाजूला बारीक बारा. सगळ्यांच्या उलट्या आकड्या पक्कडीने घरीच चेपलेल्या, म्हणजे मासा सोडताना तोंड फाटत नाही. मध्ये एक ओळ मोकळी ठेवतो, वापरलेली ओली माशी तिथं लावायला. ती कोरड्यांच्या शेजारी गेली की दोन दिवसांत शेजारीण गंजते. घरी आल्यावर डबी उघडी ठेवून पंख्याखाली, मग डांबरगोळी, मग ट्रंकेत.